हसण्याची सनद

व्होडव्हिलच्या रंगमंचावर वर्षानुवर्षे मुरविलेला आचरटपणा मार्क्स बंधूंनी ‘डक सूप’ (१९३३) या चित्रपटात साक्षात राज्यकारभाराच्या मसनदीवर बसविला, आणि एका धनाढ्य विधवेने कर्जाची अट म्हणून फ्रीडोनिया या काल्पनिक देशाची सत्ता ज्याच्या हवाली करविली, त्या रंगविलेल्या मिशीच्या ग्राउचोने दरबारापासून रणांगणापर्यंत एकही गोष्ट धड राहू दिली नाही. हा ऐवज हल्ली घरबसल्या गवसलेले रसिक मात्र आधी त्यातील सत्तामीमांसेवर व्याख्यान ऐकतात, मग कृष्णधवल छटांविषयी गंभीर अभिप्राय नोंदवितात, आणि मुका हार्पो लिंबूसरबताच्या पिंपात उतरून पाय नाचवू लागला, की शेजाऱ्याकडे पाहून हसण्यास हरकत नसल्याची खातरजमा करून घेतात. रस्त्यावरच्या शेंगदाणेवाल्यास युद्धखाते बहाल करणाऱ्या ग्राउचोला असले उमेदवार शिक्षणखात्यासाठी खचित पसंत पडले असते.