तोंड दाखवण्याचे भाडे

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेचा ‘पिक्चरफोन’, म्हणजे बोलणाऱ्याचे तोंडही दाखवणारा फोन, १९६४ साली न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. लोकांनी कौतुकाने पाहिला. फुकटच होता! मग न्यू यॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागोत पैसे भरून बोलायची केंद्रे उघडली. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर. कौतुक तिथेच आटले.

संशोधक मात्र हटले नाहीत. १९७० मध्ये पिट्सबर्गला यंत्र थेट कचेऱ्यांत नेले, महिना १६० डॉलर भाड्याने. साध्या आवाजाला चार किलोहर्ट्झ पुरत. या चित्राला एक मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीचशे पट ऐसपैस वाट. एवढी चैन करून पडद्यावर दिसणार कोण? तर ज्याच्या टेबलावर असेच यंत्र आहे तो. म्हणजे साहेबच! साहेबांचे तोंड पाहायला वर भाडे भरणारी माणसे पिट्सबर्गात फारशी निघाली नाहीत.

अभियांत्रिकी अव्वल होती, हे कबूल. ‘पण हे हवंय कुणाला?’ हे मोजणारे उपकरण तेवढे त्या प्रयोगशाळेत नसावे.

आता व्हिडिओ कॉल जवळपास फुकट आहे. मीटिंग सुरू झाली, की निम्मी मंडळी आधी कॅमेरा बंद करतात.