एक चूल, दोन कर्जखाती

नवरा-बायकोचं कर्ज एकच असतं, हे रिझर्व्ह बँकेला कळलं. घराला कधी कळणार?

सूक्ष्म कर्जाचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल, तर त्यांना दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्याचं सोसायटीचं वेगळं, तिचं गटाचं वेगळं, असा भेद त्या नियमात नाही.

शिरोळ तालुक्यातल्या घरांत मात्र तो भेद आहे. नवऱ्याकडे सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, पतसंस्थेची उचल आणि कुणा मित्रासाठी केलेली जामीनकी. तिच्याकडे बचत गटाचं कर्ज, फायनान्सवाल्यांच्या गटाचं कर्ज, भिशी आणि भावाकडून आणलेले हातउसने. तिचा हप्ता कोणत्या वारी असतो ते त्याला ठाऊक नाही. त्याला आलेल्या नोटिशीत आकडा काय आहे ते तिला ठाऊक नाही. एकाच चुलीवरचं जेवण दोघं जेवतात आणि एकमेकांपासून कर्ज लपवतात.

लपवण्याची कारणं मात्र सारखी नाहीत. तो मानापायी लपवतो. चारचौघांत आपली पत गेली असं बायकोला वाटू नये म्हणून. ती भीतीपोटी लपवते. तो ओरडेल, सासू बोलेल, कधी हातही उचलला जाईल म्हणून. दोघांचीही चूकच, असं म्हणून दोन्ही एका तागडीत टाकायला मी तयार नाही. तिनं काढलेले पैसे बहुतेक वेळा घरातच गेलेले असतात. पोराची फी, पाईपलाईन, कधी त्याच्याच गाडीचं डाउन पेमेंट. कर्ज तिच्या नावावर, खर्च घराचा आणि लाज तिची एकटीची. हे आधी थांबलं पाहिजे.

या भागात कर्ज का साठतं, तेही नीट बघू. पैसा घरात येतो एका चालीनं आणि बाहेर जातो दुसऱ्याच चालीनं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तोडीला येईपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यातून पेंड आणि भुसा वजा. कोंडिग्र्याच्या फुलांच्या हरितगृहात किंवा जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत ती कामाला असेल तर पगार महिन्याला. आणि फायनान्सचा हप्ता? आठवड्याला, नाहीतर पंधरवड्याला. ऊस फार तर वर्षात एकदा पैसे देतो, गटाची मीटिंग वर्षात पन्नास वेळा मागते. मधली दरी भरायला दुसरं कर्ज, ते फेडायला तिसरं. मार्च आला की सोसायटीचं नवं-जुनं करायला चार दिवसांसाठी सावकाराचे पैसे. ते चार दिवस पुढं चार महिने होतात.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं तो सांगतो. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचे, दोन तुकडे करायला मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. शेतकरी संघटना एकरकमीसाठी रस्त्यावर उतरतात तेव्हा शहरातल्या लोकांना तो नुसता ऊसदराचा तंटा वाटतो. तो स्वयंपाकघराचा प्रश्न आहे. बिल दोन महिने लांबलं तर ते दोन महिने घर सावकाराच्या व्याजावर जगतं.

वर पाणी आहेच. २००५, २०१९, २०२१. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला भेटतात आणि मोठ्या पुरात अर्धा तालुका त्यांच्या भेटीत जातो. पाणी ओसरलं की ऊस कुजलेला, जनावरांची वैरण वाहून गेलेली, घराच्या भिंती ओल्या. हप्ता मात्र कोरडा ठणठणीत, ठरल्या वारी दारात. म्हणून काटकसरीचे सल्ले ऐकले की मला राग येतो. हॉटेलचा चहा सोडा म्हणे, मोबाईलचा रिचार्ज कमी करा म्हणे. पुरानं झालेलं कर्ज चहा सोडून फिटत नाही.

मग काय करायचं? उत्तर तालुक्याच्या मातीतच आहे. क्षारपड म्हणजे काय ते शिरोळकरांना शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं पाणी पाजलं, खतं ओतली, निचऱ्याचा विचार केला नाही. मीठ खाली साठत राहिलं आणि एके दिवशी रान पांढरं पडलं. दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून अशी रानं पुन्हा पिकाखाली आणायचं काम इथं मोठ्या प्रमाणावर झालं. त्या कामाची पहिली अट कोणती? एकट्यानं चालत नाही. शेजाऱ्यानं पाईप जाऊ दिला नाही तर माझ्या रानातलं पाणी निघणार कुठून? घरातलं कर्ज तसंच आहे. त्यानं एकट्यानं कितीही उपसलं तरी तिच्या बाजूनं झिरपणार, तिनं उपसलं तर त्याच्या बाजूनं. निचरा दोघांच्या रानांतून एकदमच काढावा लागतो.

म्हणून एक संध्याकाळ काढा. पोरं झोपल्यावर, टीव्ही बंद करून, एकच वही आणि एकच पेन. अट एकच: त्या रात्री कुणी कुणाला ‘का काढलंस’ असं विचारायचं नाही. फक्त ‘किती’ आणि ‘कुणाचं’. ‘का’ आला की आकडे पळून जातात.

आठवून लिहू नका, कागद काढा. चारही पतमाहिती कंपन्या, म्हणजे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट देतात. त्याचा काढा, तिचाही काढा. जामीनकीही तिथं दिसू शकते. जामीन म्हणजे नुसती सही, असं समजणाऱ्यांनी १८७२ चा करार कायदा ऐकावा: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. मित्रानं बुडवलं की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन तुमच्याही दारात येते, आणि तेव्हा घरातल्या बाईला पहिल्यांदा कळतं. यापुढं बायकोला न सांगता कुणालाही जामीन राहायचं नाही. दोस्ती तुटली तर तुटू दे. कागदावर सही मागणाऱ्या दोस्तीत फार राम नसतो.

यादी झाली की प्रत्येक कर्जापुढं व्याज लिहा, आणि ते वर्षाचं लिहा. इथंच सगळे फसतात. सावकार ‘पाच टक्के’ म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असतात. वर्षाचे साठ झाले. समजा त्याच्याकडून ३०,००० रुपये घेतलेत. महिन्याचं व्याज १,५००. लाडक्या बहिणीच्या खात्यावर सरकार महिन्याला टाकतं तेही १,५००. एका बाजूनं आले, दुसऱ्या बाजूनं गेले, मुद्दल जागच्या जागी. वीस महिन्यांत ३०,००० व्याज भरून झालं आणि अजून ३०,००० देणं आहेच! महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ सालचा. मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला घेता येत नाही, असं तो सांगतो. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करायची. गावात राहून तक्रार करणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. पण नवरा-बायको दोघं मिळून गेले तर एकट्या माणसासारखं त्यांना दमात घेता येत नाही.

दुसरा फसवा शब्द ‘फ्लॅट’. बारा टक्के फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत चाललं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच. दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांत ते घटत्या शिलकीच्या हिशेबानं साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना घरगुती कर्जांसोबत एक माहितीपत्रक द्यावं लागतं. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यावर असतो आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो कागद असायला हवा. मागा. मराठीत मागा. वसुलीला येणाऱ्या पोरावर डाफरू नका, तोही पगारी माणूस आहे. पण सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायला, शिवीगाळ करायला त्याला परवानगी नाही, हे दोघांनीही पाठ करून ठेवा. कंपनीनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट होते. माहितीचा नंबर १४४४८.

फेडीचा क्रम सोपा आहे: ज्याचं वर्षाचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी. म्हणजे सावकार, मग फायनान्सचे गट, मग सोनेतारण. सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज सवलतीत जवळजवळ शून्यावर येतं, म्हणून त्याची तारीख चुकवायची नाही. माफी येणार म्हणून थांबणाऱ्यांना एक आठवण देतो. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज होतं; बायकांच्या गटांचे हप्ते नव्हते. माफी सातबारा बघून येते. तिच्या नावावरचं कर्ज तिच्याच मानेवर राहतं.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, सावकाराच्याही वर, एक नोंद हवी: बायकोचं देणं. तिच्या पाटल्या कधी बी-बियाण्याला, कधी नणंदेच्या लग्नात, कधी पुरानंतर तारण गेल्या. सोडवल्या का? पतसंस्थेच्या पावतीवर नाव त्याचं, सोनं तिचं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा सांगितलं की स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही. अडचणीत त्यानं वापरलं तर परत करणं हे त्याचं कर्तव्य. ‘घरचंच सोनं आहे की’ म्हणून हे देणं वहीबाहेर ठेवणारा माणूस हिशेब करत नाही, हिशेबाचं सोंग करतो. सगळ्यांचं व्याज भरलं जातं, तिचंच तेवढं बिनव्याजी आणि बिनमुदतीचं राहतं. तारीख घाला. पुढच्या गळिताचं बिल आल्यावर किमान एक पाटली सुटली पाहिजे, असं लिहून सही करा.

बिल यायच्या आधीच त्याच्या वाटण्या ठरवा. पैसा खात्यावर पडल्यावर चर्चा होत नाही; तोवर पाहुणे, गाडीचं शोरूम आणि वास्तुशांती पुढं उभी असतात. कारखाना सोसायटीचं कापून घेईल. उरलेल्यातून आठवड्याच्या हप्त्यांचे तीन-चार महिने बाजूला काढा, तिच्या खात्यात टाका. तिचं खातं, तिचं एटीएम, तिच्याच पदरात पिन. मग गटाच्या मीटिंगला जाताना तिला शेजारणीपुढं हात पसरावा लागणार नाही. गटातल्या बाकीच्या बायकाही सुटतील, कारण एकीचा हप्ता थकला की उरलेल्यांना वर्गणी काढावी लागते आणि मैत्रिणीच वसुलीदार होतात.

एक शेवटचं, आणि हे पुरुषांना आवडणार नाही. कर्ज दोघांचं आहे असं तिला सांगायचं आणि सातबारा एकट्याच्या नावावर ठेवायचा, हे चालणार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. त्यामागून १९९२ साली सरकारनंही निर्णय काढला: नवऱ्यानं अर्ज केला की सहधारक म्हणून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. त्याला तीस वर्षं उलटून गेली. तलाठी कार्यालयात अजूनही तो अर्ज घेतात. उसाची नोंद द्यायला कारखान्याच्या गट ऑफिसला जाता, तशीच एक खेप तिकडंही करा, आणि तिला बरोबर घेऊन जा.