विकणे आहे, पण...

न्यू जर्सीतल्या कुठल्याही गणेशोत्सवात हे काका तुम्हाला भेटतील. जेवणं आटोपल्यावर प्लॅस्टिकचे चमचे धुऊन खिशात घालणारे ते हेच. १९७१ साली ते अमेरिकेत उतरले तेव्हा खिशात आठ डॉलर होते. देशात परकीय चलनाचा दुष्काळ, सरकार तेवढेच नेऊ देई. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांना होता. पुढे रुपया कुठल्या कुठे घसरला, पण काकांचा हिशेब साडेसातावरच अडलेला आहे. पंचवीस सेंटची वस्तू कुणी टाकायला काढली की त्यांना जवळजवळ दोन रुपये गटारात गेलेले दिसतात, आणि तेसुद्धा १९७१ चे.

आता मुलं पांगली, गुडघे बोलू लागले. मोठं घर विकून मन्रोकडच्या, पंचावन्नच्या पुढच्या लोकांच्या वसाहतीत जायचं ठरलं. तिथे बेसमेंट नाही. ही गोष्ट काकांच्या लक्षात आली ती सह्या झाल्यावर. काकूंना आधीपासून ठाऊक होती, आणि माझा संशय असा की घर पसंत पडण्याचं तेच कारण होतं. तेव्हा एका शनिवारी यार्ड सेल लावायचा. काकांनी टाउनशिपचा परवाना आणला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, आणि त्या ठेवायला एखादी जुनी फाईल शोधण्यात आवराआवरीचा पहिला दिवस संपला.

काकूंनी तीन ढीग आखून दिले होते: विकायचं, देऊन टाकायचं, ठेवायचं. काकांनी न विचारता चौथा घातला, ‘बघू’. दुपारपर्यंत पहिले तिन्ही त्यात विलीन झाले.

तसं बघायलाही पुष्कळ होतं. सुमीतचा ११० व्होल्टचा मिक्सर, मोटर जळलेली पण भांडी ठणठणीत. शेजारी दुसरा, मोटर ठणठणीत पण भांडी बेपत्ता. एकाचं दुसऱ्याला बसत नाही, मॉडेल वेगळं. मराठी नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट, भारतातून आणलेल्या, म्हणजे पाल पद्धतीच्या. इथल्या एनटीएससी व्हीसीआरवर त्यांतून नट दिसण्याऐवजी पट्टे धावायचे. “एकदा कन्व्हर्ट करून घेऊ” असं म्हणता म्हणता व्हीसीआरच अस्तंगत झाले. इथली यंत्रं भारतात चालावीत म्हणून घेतलेला ट्रान्सफॉर्मर, जो वजनापायी कधी भारतात गेलाच नाही. दह्याचे पाच पौंडी डबे एकात एक घातलेले, झाकणं वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याशा अधिवेशनात मिळालेली. नॅशनल जिऑग्राफिकचे पिवळे अंक छताला टेकलेले. ब्रिटानिकाचे सगळे खंड. त्या लोकांनी छापील आवृत्ती बंद करत असल्याचं २०१२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा काकांनी त्याचा एकच अर्थ काढला: आता भाव चढणार.

लोक त्यांना कंजूष म्हणतात. मला ते पटत नाही. कंजूष माणूस पैसा सोडत नाही. काका पैसा सोडतात, वस्तू सोडत नाहीत. त्यांच्या संसाराचं पहिलं टेबल कुणाच्या तरी यार्ड सेलमधून चार डॉलरला आलं होतं, आणि पहिला सोफा रस्त्याच्या कडेला कुणी ‘फ्री’ अशी पाटी लावून सोडून दिलेला. दुसऱ्यांच्या अडगळीवर ज्याचं घर उभं राहिलं, त्याला अडगळ ओळखू येणं कठीणच.

किमतीच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहिल्या. नोकरी इंजिनिअरची केलेली, त्यामुळे दोष लपवणं रक्तात नाही. ‘टोस्टर. डावी खाच चालत नाही. एकट्या माणसासाठी उत्तम.’ ‘पंखा. आवाज करतो. आधी ऐकून पाहा.’ ‘छत्री. वारा नसताना वापरावी.’ काकू त्या वाचत होत्या आणि एकेक शब्दागणिक कपाळाला हात लावत होत्या.

जाहिरातीत आठची वेळ होती, जुन्या वस्तूंचे दलाल साडेसहालाच हजर. निळ्या फुलांच्या कॉर्निंगवेअरच्या भांड्यांवर त्यांचा डोळा. एकाने वीस डॉलर पुढे केले. काका म्हणाले, “झाकणाला टवका उडालाय, बाराच द्या.” दलाल चपापला. विकणाराच भाव पाडतोय म्हणजे नक्की भानगड आहे, असं समजून तो भांडं खाली ठेवून निघून गेला. मग एका बाईंनी जिऑग्राफिकचे अंक मागितले, सगळे, आणि भावही बरा दिला. नातवंडांना चित्रं कापायला हवे होते. ‘कापायला’ ऐकताच ते अंक विक्रीतून बाद झाले. ब्रिटानिकाकडे कुणी फिरकलंच नाही. सकाळी दहापर्यंत गल्ल्यात साडेसहा डॉलर होते, त्यातले पाच मी, बोहनी व्हावी म्हणून, पंख्याचे दिले होते.

अकराच्या सुमाराला पुण्याचा एक मुलगा आला. इथल्या विद्यापीठात एमएस करायला नुकताच आलेला, खोलीत जमिनीवर बसून अभ्यास करतो म्हणाला. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि थेट आत नेलं. ते चार डॉलरचं टेबल चौथ्या ढिगातून बाहेर आलं. पाठोपाठ दोन खुर्च्या, कढई, तो एका खाचेवर चालणारा टोस्टर, दह्याचे सहा डबे झाकणांसह. पैशाचं नाव काढलं तेव्हा काका रागावले. मुलगा “बास, काका, बास” म्हणत होता, त्याची मित्राकडून मागून आणलेली गाडी आधीच बुडाला टेकली होती. डिकी काही बंद होईना. मग काका तळघरातून सुतळीचं एक बंडल घेऊन आले, अगदी धावत. लागेल तेवढी मोजून कापली, गाठ मारली, उरलेली गुंडाळून खिशात ठेवली आणि काकूंकडे असं पाहिलं की मला मान वळवावी लागली.

“एकच लक्षात ठेव,” त्यांनी गाडीच्या खिडकीत वाकून सांगितलं, “शिक्षण संपवून जाशील तेव्हा टेबल कुणाला विकू नकोस. माझ्याकडे आणून दे.”

“आणि ते ठेवणार कुठे?” काकू मागून म्हणाल्या.

“बघू,” काका म्हणाले.