भोपळा आमचा, पान भुंगेऱ्याचं

भोपळा लावायला काही यावं लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. गुलाब लावणाऱ्याला लोक आदरानं चार प्रश्न विचारतात, द्राक्षं लावणाऱ्याला बँक कर्जही देते. भोपळ्याचं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. खरकट्याच्या ढिगावर बी पडतं, आपोआप रुजतं, वेल कुंपणावर चढतो आणि फळ शेजारच्यांच्या हद्दीत धरतो. हे सगळं खरं आहे. फक्त ते सांगताना एक पात्र गाळलेलं असतं.

ते पात्र म्हणजे तांबडा भुंगेरा. करंगळीच्या नखापेक्षाही लहान, पाठ चकचकीत नारिंगी, पोटाकडून काळा. इतका देखणा, की पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी मोबाइल काढून फोटो घेतो. दुधी, काकडी, दोडका असं त्याला सगळं चालतं, पण जीव अडकलेला असतो तो भोपळ्याच्या बियातून नुकत्याच वर आलेल्या दोन जाड, गुबगुबीत पानांवर. तिथे तो एसटीच्या कंडक्टरनं तिकीट पंच करावं तशी गोल भोकं पाडत जातो, आणि संध्याकाळपर्यंत तिकीट संपून नुसती भोकं उरतात.

त्या गोल भोकांमागेही विद्या आहे. भोपळ्याच्या कुळातली झाडं आपल्या अंगात एक कडूजहर द्रव्य बाळगून असतात. इतर किडे एक चावा घेतात आणि तोंड वाकडं करून निघून जातात. या महाशयांची भूक त्याच कडवटपणानं खवळते. शिवाय या गोतावळ्यातले काही भुंगेरे आधी पानावर गोल चर पाडून घेतात, म्हणजे बाकीच्या पानातून येणारा रस तिथेच तुटतो. मग चराच्या आतली चकती सावकाश खातात. जेवताना एवढी शिस्त आमच्या घरात कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे लाल भोपळा इथला नाहीच. तो अमेरिकेतला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात एका गुहेत त्याच्या भाऊबंदांच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे तो आला कोलंबसानंतर. भुंगेरा मात्र जुन्या जगातला, दुधी-काकडीवर त्याचं बरं चाललेलं होतं. नवा पाहुणा दारात आला तर त्यानं कूळ विचारलं नाही की नाक मुरडलं नाही, सरळ जेवायला बसला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच भोपळ्याचे घारगे तळून आपणही त्यांना पारंपरिक म्हणायला लागलोच की.

तर पानांवरची ती भोकं पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "राख टाक गं त्यावर. आमच्या वेळी दुसरं काही नव्हतं."

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. सकाळी पानांवर दव असताना वस्त्रगाळ राख भुरभुरली की ती पानाला चिकटून बसते आणि भुंगेऱ्याला पान नकोसं होतं. अडचण एवढीच, की आमच्या घरात चूल विझून दोन पिढ्या झाल्या. गॅसच्या शेगडीला राख नसते, इंडक्शनला तर धड जाळही नसतो. पुण्यासारख्या शहरात सोनं, जमीन आणि परदेशी कुत्रं तासाभरात मिळतं. मूठभर राख मिळत नाही. देवघरातली उदबत्तीची राख जमवून पाहिली, तिच्यात एक पानही माखेना. "विकतची मिळत असेल," असं म्हणून आमच्या मुलानं फोनवर शोधलं, तर भांडी घासायची राख सुंदर पाकिटात निघाली, पण तिचा दर ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. यांनी फार निरागसपणे सुचवलं, "वैकुंठ स्मशानात भरपूर असेल." त्या दिवशी सासूबाई यांच्याशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

शेवटी तारणहार भेटला तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याची इस्त्री अजून कोळशाची, आणि कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळशाची राख भाजीवर टाकू नये, त्यात नको ते धातू असू शकतात. ही मात्र चालते. पूर्वी तो ती राख गटारात ओतायचा. मी मागितल्यावर त्यानं आधी संशयानं पाहिलं, मग कशाला हवी ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून राखेला त्याच्या लेखी किंमत आली. आता मला यांचे शर्ट, न चुरगळलेलेसुद्धा, नियमित इस्त्रीला द्यावे लागतात. त्याशिवाय डबा भरत नाही. आणि पावसाची एक सर आली की सगळी राख धुऊन जाते. पावसाळ्यात आमचे शर्ट फार कडक असतात.

राखेच्या जोडीला हातानं वेचणं आलंच. दुपारी हा प्राणी तुमची सावली पडण्याआधी उडतो. पहाटे उन्हं येण्यापूर्वी मात्र तो गारठून मंद असतो; पानाखाली साबणाच्या पाण्याचा वाडगा धरून टिचकी मारली की थेट आत. उपाय फुकट आणि हमखास. फक्त पहाटे फिरायला निघालेली समस्त कॉलनी कुंपणापाशी थांबते, आणि वाडगा हातात घेऊन झाडाला टिचक्या मारणाऱ्या बाईला "बरं आहे ना सगळं?" असं विचारते. मला नाही, यांना विचारते.

शेजारचे नाना या सगळ्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते. एकदा गावाकडच्या माळ्यावरून आणलेला गंजका डबा घेऊनच आले. "वहिनी, राख कसली फासताय? ही पावडर मारा. एका फटक्यात साफ." डब्यावर पुसट अक्षरात कार्बारिल लिहिलेलं. एके काळी पुस्तिकांमधून सर्रास सुचवलेलं हे औषध. 2018 साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली. मधमाश्यांना तर ते विषच. हे सांगितल्यावर नानांचे डोळे चमकले. "बंदी घातलीय म्हणजे जालीम असणार!" त्यांना मी समजावलं की भोपळ्याच्या वेलावर नर-फुलं वेगळी, मादी-फुलं वेगळी, मधमाशी आली नाही तर फळ धरणार नाही. नाना विचारात पडले आणि डबा घेऊन परत गेले. तो कुणाच्या मुलाबाळांच्या हाती लागू नये म्हणून मी त्यांच्या सूनबाईंना लगेच फोन केला.

मग निंबोळीचा प्रयोग. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची गिरी कुटून फडक्यात बांधायची, रात्रभर भिजवायची, सकाळी पुरचुंडी पिळून, गाळून, किंचित साबण घालून ठेवायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं, कारण कडक उन्हात त्याचा गुण टिकत नाही. हे सगळं छान. गिरी मिक्सरमधून काढू नका एवढंच सांगते. तो मिक्सर माझ्या जावेचा होता, म्हणून मला इतक्या शांतपणे लिहिता येतंय.

एवढ्यात पानांवर दुसरा पाहुणा दिसला: गोलमटोल, ठिपक्यांचा. मुलगा ओरडला, "आई, त्याला मारू नकोस, तो शेतकऱ्याचा मित्र!" पुस्तकातला मित्र खरा आहे, तो मावा खातो, पण त्याची पाठ तुळतुळीत आणि ठिपके थोडे, बहुधा सहा-सात. याची पाठ मळकट, बारीक लव असलेली, आणि ठिपके अठ्ठावीस. हा पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. फरक सोपा आहे. प्रत्यक्षात चष्मा कपाळावर ढकलून किड्याच्या पाठीवरचे ठिपके मोजत बसलं, की एकोणिसाव्या ठिपक्याला तो पाय मिटून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो.

इतकं सोसल्यावर एक गोष्ट कुणी आधी का सांगत नाही, याचा मला राग येतो. ही लढाई कायमची नसतेच. पहिली दोन जाड पानं आणि मागून येणारी चार-पाच खरखरीत पानं, एवढं वाचवलं की झालं. नंतर वेल असा सुटतो की भुंगेऱ्यानं एक पान खाल्लं तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मी आता बी टोकलं की त्यावर जुनी मच्छरदाणी घालते, कडा मातीत दाबते आणि फुलं दिसू लागली की काढून टाकते. जागा मात्र दर वर्षी बदलायची. कारण भुंगेऱ्याची अंडी मातीत, अळ्या मातीत आणि त्या खातात मुळं. गेल्या वर्षीच्याच वाफ्यावर मच्छरदाणी घातली तर तिच्या आतच नव्या पिढीची पंगत बसायची. हंगाम संपल्यावर तो वाफा उकरून ठेवला की उरलेला हिशेब साळुंक्या चुकवतात. आणि फळ जमिनीला टेकत असेल तर खाली विटेचा तुकडा ठेवावा, नाहीतर अळ्या बुडाकडून भोपळा पोखरतात आणि वरून तो आपला ठणठणीत दिसत राहतो.

ही सगळी उस्तवार ज्यांना नको असेल, त्यांनी सरळ कारलं लावावं. कडू म्हटलं की जीव टाकणारा हा भुंगेरा कारल्याकडे मात्र सहसा फिरकत नाही. कारली भरपूर येतात, टोपलीभर येतात, आणि शेजारी दार उघडेनासे होतात.