धनुष्कोडी, फक्त वीस मिनिटं

रामेश्वर बेटाच्या टोकाला, अरिचल मुनैला, डावीकडे बंगालचा उपसागर, उजवीकडे मन्नारचं आखात आणि मधल्या डांबरी रस्त्यावर आमची बस. सहलीच्या पत्रकात ‘निसर्गरम्य किनारा’ला वीस मिनिटं, शंख-शिंपल्यांच्या दुकानाला पाऊण तास. (दुकान ‘वाटेतच’ असतं. कुठल्याही सहलीत.)

डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळानं धनुष्कोडी गाव गिळलं, पांबनहून निघालेली प्रवाशांची अख्खी रेल्वेगाडीसुद्धा. चर्चच्या उरल्यासुरल्या भिंती पाहून मागच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, “हे अजून बांधून का नाही काढत?” काकू म्हणाल्या, “अहो, फोटोत असंच छान दिसतं.” श्रीलंका दिसते की नाही, यावर बसमध्ये दोन तट पडले. एकाला ती ढगाखाली सापडली. दुसऱ्याला दाखवेपर्यंत गाइडची शिट्टी झाली.

२०१७ पर्यंत इथे यायचं तर वाळूतून हेलकावे खात जीपनं, नाहीतर पायी. आता चपलेत वाळूचा कणही जात नाही, ही प्रगतीच म्हणायची.

समुद्र बघायचा असेल तर रामेश्वरहून साधी सरकारी बस पकडा. तिच्यात कंडक्टरही शिट्टी मारतो, पण एक चुकली तर पुढची मिळते.