बसा, निधी संपवायचाय

यंदाच्या अंदाजपत्रकातही बाकडी आहेत. बाकीचं अंदाजपत्रक वाचलं नाही तरी चालतं. त्यात आरोग्यावर ‘भर’ असतो, शिक्षणाला ‘प्राधान्य’ असतं, पाणीपुरवठ्याबाबत प्रशासन ‘कटिबद्ध’ असतं आणि बाकड्यांसाठी पैसे असतात. जिल्हा परिषद कोणती, असं विचारू नका. तुमचीच.

बाकडं तुमच्या पाहण्यातलं आहे. सिमेंटचं, साच्यातून काढलेलं, दोन पाय आणि एक पाठ. पाठीवर नाव. नावाआधी ‘मा.’, नावानंतर पद, त्याखाली ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’. लोकांनी टेकून टेकून नाव झिजू नये म्हणून ते पाठीच्या मागल्या अंगाला असतं, आणि मागल्या अंगाचं नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बाकड्याची पाठ रस्त्याकडे करावी लागते. मग तोंड उरतं ते पलीकडे. पलीकडे गटार असतं. गटार नसेल तर ट्रान्सफॉर्मर, तोही नसेल तर उकिरडा. त्यामुळे आमच्याकडे एस.टी.ची वाट पाहणारा माणूस रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि गाडी आली की नाही हे मागून येणाऱ्या आवाजावरून ओळखतो. डंपर गेला तरी उठतो, पाण्याचा टँकर गेला तरी उठतो. ज्या गावांना खुल्या व्यायामशाळेचं साहित्य मिळालेलं नाही, त्यांची तब्येत या उठाबशांवर टिकून आहे.

ओळखीतल्या एका कनिष्ठ अभियंत्याला मी विचारलं, “रावसाहेब, बाकडं फिरवून ठेवता येणार नाही का?”

“फिरवलं तर काम कुणी केलं ते कसं कळायचं, सर?”

“बसणाऱ्याला एस.टी. दिसेल.”

“बसणारा कधी मागणी घेऊन येतो का ऑफिसला?” तो म्हणाला, आणि चहा सांगितला.

सरकारी पैसा खर्च करणं किती जिकिरीचं असतं, हे त्याच्याकडूनच कळलं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग एम.बी., म्हणजे मोजमाप पुस्तिका, लिहायची, मग बिल. एवढं सगळं करून रस्ता केला, तर पहिल्या पावसात खडी वर येते आणि कुणीतरी कार्टं हाताने डांबर उचकटतानाचा व्हिडिओ काढतं. शाळाखोली बांधायची तर जागेचा उतारा लागतो, आणि उताऱ्यावर नेमके तीन भाऊ निघतात, त्यातला एक मुंबईला. पाण्याची टाकी बांधता येते, नळही बसवता येतो. पण मग लोक त्यातून पाणी मागतात. बाकड्याकडे कुणी काही मागत नाही. त्याला जागा संपादन करावी लागत नाही, आराखडा लागत नाही, वीजजोडणी लागत नाही, शिक्षक भरावा लागत नाही. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी असली भानगडही नाही. ‘नग’ लिहायचं आणि पुढे आकडा. लेखापरीक्षक आलाच तर तोही नग मोजतो, आणि दमला की त्यातल्याच एखाद्यावर टेकतो. टेकलेल्या माणसाच्या हातून आक्षेप निघत नाही, असा खात्यातला अनुभव आहे.

आणि मार्च. जिल्हा नियोजनातून आलेला निधी खर्चायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. पहिलं वर्ष ‘अजून एक वर्ष आहे’ म्हणण्यात जातं, दुसरं ‘मार्च एंड आला’ म्हणण्यात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ज्या कचेरीत एरवी साडेपाचनंतर पंखा फिरत नाही, तिथे रात्री अकरा-बारापर्यंत दिवे असतात, वडापाव येतो, फायली पळतात. आठ दिवसांत दवाखाना उभा राहत नाही. बाकडी टेंपोतून येतात. निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून कामाचे तुकडे पाडले जातात. ‘पाटलांच्या वाड्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत बाकडी बसवणे’ हे एक काम आणि ‘पिठाच्या गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत बाकडी बसवणे’ हे दुसरं. दोन्हींचा ठेकेदार एकच निघतो, तो मात्र योगायोग.

पण बाकड्याचा खरा गुण त्याच्या मजबुतीत नाही, ते कोणत्याही हेडमध्ये बसतं यात आहे. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून, म्हणजे सगळे ज्याला सेस म्हणतात त्यातून, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हावेत असा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. बाकडं वस्तीच्या तोंडाशी ठेवलं की 20 टक्क्यांत जमा. त्यावर बाई बसली की 10 टक्क्यांत. तिच्या मांडीवर पोर असलं तर ‘व बालकल्याण’ही साधलं. तीन पायऱ्यांच्या ओट्यावर, उतार न ठेवता, एक बाकडं चढवलं की ते दिव्यांगांचं. हे पाहून बाकीच्या समित्यांना जाग येते. आरोग्य समितीला आठवतं, की उपकेंद्राला कुलूप असतं, मग सिस्टर येईपर्यंत पेशंटने काय उभं राहायचं? बाकडं. पाणीपुरवठावाले सांगतात, की 2019 साली ‘हर घर जल’ची घोषणा झाली, घरोघर नळ बसले, आता नळाला पाणी येईपर्यंत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, त्यांची काही सोय? बाकडं. बांधकाम विभागाला वाटतं, की खड्ड्यांतून आलेल्या दुचाकीस्वाराची कंबर धरते, त्याला दर फाट्यावर विसावा हवा. बाकडं. कृषी विभाग म्हणतो, सर्व्हर बंद असताना शेतकरी सेवा केंद्राबाहेर ताटकळतो. बाकडं. पशुसंवर्धनाची फाइल तेवढी अडते, कारण म्हैस बाकड्यावर बसत नाही. पण बाकड्याच्या पायाला दावं बांधता येतं, असा अभिप्राय खालून येतो आणि तीही मार्गी लागते. समाजकल्याणवाले वाचनालय मागायला आले होते म्हणतात. त्यांना सांगण्यात आलं, की वाचक शेवटी बसूनच वाचतो ना? पुस्तकांचं पुढच्या वर्षी बघू. बाकडं. अर्थ समितीने या सगळ्यांची बेरीज केली, अंदाजपत्रक शिल्लकी निघालं, आणि शिल्लक रकमेचं काय करायचं यावर सूचना मागवल्या. सूचना तुम्ही ओळखलीच असेल.

शिक्षण समितीचं बाकडं मात्र मी जाऊन पाहिलं. शाळेच्या फाटकाबाहेर आहे, नवंकोरं, पाठ रस्त्याकडे. आत पहिली ते चौथीची पोरं फरशीवर बसली होती. सतरंजी दोन वर्गांना पुरत नाही म्हणून एक वर्ग सतरंजीवर आणि एक फरशीवर, आठवड्याने आलटून-पालटून. पोरं मांडीवर वही ठेवून, पाठीचं धनुष्य करून लिहीत होती. मी गुरुजींना म्हटलं, ते बाहेरचं आत घ्या की. ते माझ्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. आत घेतलं तर रस्त्यावरून नाव दिसत नाही. एवढंच कारण आहे, दुसरं कोणतंही नाही. सहा-सात वर्षांची लेकरं डिसेंबरच्या थंडीत फरशीवर बसतात आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर त्यांच्याच खात्याच्या पैशातून आणलेलं बाकडं रिकामं उभं असतं, कारण लेकरांना मत नाही आणि रस्त्याने जाणाऱ्याला आहे. ज्यांनी त्या फायलीवर सह्या केल्या, त्या प्रत्येकाला एक शाळेचा दिवस, साडेदहा ते पाच, त्या फरशीवर मांडी घालून बसवलं पाहिजे. मधल्या सुट्टीत उठू द्या, हवं तर. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर याच लोकांच्या बैठका होतात, आणि त्या बैठकांना गुबगुबीत खुर्च्या असतात, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो, आणि पट का घसरतो याबद्दल चिंता व्यक्त होते.

असो. कायद्याकडे येतो. जिल्हा परिषदांचा कायदा 1961 चा. 1 मे 1962 पासून त्या कामाला लागल्या. पुढे 73 वी घटनादुरुस्ती झाली, 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, आणि अकराव्या अनुसूचीत पंचायत राज संस्थांनी कोणकोणती कामं करावीत याचे 29 विषय आले. शेती आहे, लघुपाटबंधारे आहेत, पिण्याचं पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने, वाचनालयं, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. मत्स्यव्यवसाय आहे. बाकडं नाही. घटनाकारांच्या आणि पुढच्या दुरुस्तीकारांच्या नजरेतून ही एवढी मोठी गोष्ट कशी सुटली, कळत नाही. शेवटचा, 29 वा विषय आहे सामूहिक मालमत्तेची देखभाल. त्याला मात्र पैसे नसतात, कारण देखभालीवर नाव कोरता येत नाही. म्हणून पाय मोडलेल्या बाकड्याच्या शेजारी दुसरं बाकडं येतं. आमच्या फाट्यावर अशी चार पिढ्यांची बाकडी ओळीने आहेत. सर्वांत जुन्याचं फक्त नाव उरलंय, बसायची फळी गेली.

2022 च्या मार्चमध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. अंदाजपत्रक प्रशासकांनी प्रशासकांसमोर मांडलं, प्रशासकांनी त्यावर सविस्तर चर्चा केली आणि ते एकमताने मंजूर झालं. लोकांना वाटलं, याला काही मतं मागायची नाहीत, हा बाकडी घेणार नाही. घेतली. नाव कुणाचं घालायचं हा पेच पडला होता म्हणतात, पण शिफारशीचं पत्र देणारे गावोगाव असतातच. दरम्यान मुदत संपलेल्या सदस्यांच्या बाकड्यांवर पेंटरने पदाआधी बारीक अक्षरात ‘मा.’ घातलं. ‘मा.’ आधीपासूनच होतं. त्यामुळे आता ‘मा.’ नावाआधीही आहे आणि पदाआधीही. माननीय कुठला आणि माजी कुठला, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

माझं दुखणं मात्र वेगळंच आहे, आणि या सदरात त्याची पुनरुक्ती होते अशी संपादकांची तक्रार आहे. होऊ दे. फाट्यावर वड होता. वडाला दगडी पार होता. तो कुणी बांधला हे गावात कुणालाच सांगता येत नसे आणि कुणी विचारतही नसे. पारावर वीस-पंचवीस माणसं बसत, चारी दिशांना तोंडं करून, आणि एस.टी. कुणाला ना कुणाला दिसतच असे. तंटे तिथे मिटत, सोयरिकी तिथे जुळत, उन्हात डोकं टेकून झोपलेल्या माणसाला कुणी उठवत नसे. रस्ता रुंद करायचा म्हणून वड पाडला. पाडायला एक दिवस लागला, मुळं काढायला जेसीबी दोन दिवस. रुंद केलेल्या रस्त्याच्या त्याच तुकड्यावर आता टपऱ्या आहेत आणि उरलेल्या जागेत बाकडं, तिघांचं, उघड्यावर. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता त्यावर भाकरी भाजता येईल. ‘सुशोभीकरण’ या लेखाशीर्षाखाली ते बसवलंय. ज्यांनी वडाचं सरपण केलं त्यांनीच वर्षभराने त्याच जागी वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेतला, शोभेचं रोप, लोखंडी जाळीत. जाळीवर नाव आहे. रोप गेलं, जाळी आहे. परवा एक म्हातारी बाकडं सोडून त्याच्या सावलीत, म्हणजे मागे, जमिनीवर बसली होती. म्हटलं, आजी, वर बसा की. म्हणाली, “वर ऊन हाय, लेकरा. हितं पाटीची सावली पडती.” तर पाठीचा एवढा उपयोग आहे, हे नोंदवून ठेवतो. लेखापरीक्षणात कामाला येईल.

निवडणूक लागली, आचारसंहिता आली, की नावं झाकावी लागतात. तेव्हा ग्रामसेवक खळ आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन निघतो. कोनशिला, कमानी, घंटागाड्या आणि शेवटी बाकडी. संख्येनेच एवढी आहेत, की रद्दी कमी पडते. गेल्या खेपेला शेजारच्या गावातून मागवली म्हणे. झाकण्याचा खर्च एका हेडमधून होतो, निकालानंतर खरवडण्याचा दुसऱ्या, आणि खरवडताना रंग गेला तर रंगाचा तिसऱ्या. नाव वाचायला कुणी बाकड्याच्या मागे जात नसे, आता छापील मजकूर आहे म्हणून चार माणसं जातात आणि वाचत उभी राहतात. हे सदर ज्या पानावर येतं ते पान त्या कामाला वापरायला माझी हरकत नाही. फक्त चिकटवण्याआधी उलटून बघावं. मागच्या बाजूला बहुधा जिल्हा परिषदेची निविदा सूचना असते, ‘बाकडी पुरवणे व बसवणे’, शेवटची तारीख 25 मार्च, आणि ठेकेदाराला ती दिसली पाहिजे.