आई कुठली तुमची?

अमेरिकेतल्या लग्नात जेवणाच्या टेबलावर हे गृहस्थ हमखास शेजारी येतात. साठी उलटलेली, कोटाच्या खिशात एक पेन आणि एक रबरबँड. नावगाव विचारत नाहीत. पेन तुमच्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "याला काय म्हणाल?"

समोरच्याने 'पेन'चं 'पिन' केलं, किंवा 'इंक पेन' म्हटलं, की स्वारी खूश. दक्षिण! तिकडे बऱ्याच ठिकाणी पिन आणि पेन तोंडातून सारखेच बाहेर पडतात, म्हणून लिहायचं की टोचायचं ते आधी सांगावं लागतं. मग रबरबँड. 'गमबँड' असं उत्तर आलं की पिट्सबर्ग, पुढे चर्चा नाही. आपल्याकडे 'कुठले जोशी?' विचारून तीन पिढ्यांत शिरणारे असतात ना, त्यांचेच हे भाऊबंद.

तहानलेल्या माणसाने यांच्या शेजारी बसू नये. वेटर आला की हे त्याला थोपवतात, "त्यांना त्यांच्या शब्दांत मागू द्या." न्यूयॉर्कवाला 'सोडा' मागतो, मिशिगनवाला 'पॉप'. जॉर्जियावाला 'कोक' मागतो आणि त्याला हवं असतं स्प्राइट. सेंट लुइसवर मात्र यांचा कायमचा राग. आजूबाजूला सगळा 'पॉप'चा मुलूख आणि हे शहर खुशाल 'सोडा' म्हणतं, म्हणजे काय!

घरी 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश'चे जाडजूड खंड आहेत. त्या कोशाची माणसं 1965 ते 1970 या काळात 1,002 गावं हिंडली, दीड हजाराहून जास्त प्रश्न घेऊन. पहिला खंड 1985 साली निघाला, झेडपर्यंत पोचायला 2012 उजाडलं. "मला सूप येईपर्यंतचा वेळ पुरतो," हे सांगतात. रॉजर शाय या भाषाशास्त्रज्ञाने खंडणीच्या चिठ्ठीतल्या 'डेव्हिल स्ट्रिप' या शब्दावरून गुन्हेगाराचं गाव ओळखलं होतं. रस्ता आणि फूटपाथ यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला असं म्हणतात ते ओहायोतल्या अ‍ॅक्रनकडे. हा किस्सा हे अशा थाटात सांगतात, की बेड्या जणू यांनीच ठोकल्या.

आणि अंदाज चुकला तर? चुकत नाही. बॉस्टनचा ठरवलेला माणूस आयोवाचा निघाला की हे शांतपणे विचारतात, "आई कुठली तुमची?" आईही आयोवाची असली तर आजी. आजीनेही दगा दिला तर कॉलेजात खोलीवर सोबत कोण होतं. तो कधीतरी बॉस्टनला राहिलेला निघाला की टेबलावर थाप. "बघा!"

हल्ली धंदा मंदीत आहे. अटलांटाकडची तरुण पोरं दक्षिणेचा हेल सोडून बोलू लागलीत. ही यांना शुद्ध फसवणूक वाटते.

परवाच्या लग्नात तर कहर झाला. शेजारी बसलेली मुलगी सगळ्यांना दक्षिणेतल्यासारखं 'यॉल' म्हणत होती, तिने मागितलं 'पॉप' आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाला म्हणाली 'बबलर', म्हणजे थेट विस्कॉन्सिन. गृहस्थांचं सूप निवलं. वडील लष्करात, दर दोन-तीन वर्षांनी बदली, असा खुलासा झाला. "आणि आई?" तीही लष्करी अधिकाऱ्याचीच मुलगी. आजी जर्मन.

"आईशी दोन मिनिटं बोलता येईल?"

आई पलीकडच्याच टेबलावर होती. गृहस्थांनी मांडीवरचा नॅपकिन काढला आणि स्वतःची खुर्ची उचलून तिकडे निघाले.